उंबराखालची सर्वोत्तम एस्प्रेसो

एका जंगलात वाघ एक होता आणि कॉफीची दुकानं सात.

पूर्वी तिथले प्राणी कोंबडा आरवला की उठायचे. आता कोंबडाच कॉफी घेतल्याशिवाय आरवत नव्हता. आणि ती कॉफीही आपल्या घरच्यासारखी नाही हं, मुलांनो. दूध घालून पिणं म्हणजे तिथे अगदीच गावंढळपणा. प्यायची ती एस्प्रेसो. बोटभर पेल्यात घोटभर काळा कडू अर्क. दूध नाही, साखर नाही. तोंड वाकडं झालं तरी 'वा' म्हणायचं, हा तिथला शिष्टाचार होता.

सातही दुकानं एका उंबराखाली होती. त्यातलं एक नागोराव साळिंदराचं. नागोराव जरा वेडाच. त्याला खरोखर चांगली कॉफी करायची होती. बिया स्वतः भाजायचा, गिऱ्हाईक आलं की मगच दळायचा, आणि पाणी उकळायच्या जरा आधीच विस्तवावरून उतरवायचा. खदखदतं पाणी घातलं की कॉफी करपते, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. येणारेजाणारे माना डोलवायचे आणि शेजारच्या बजाबा वानराकडे जायचे. बजाबाकडे बसायला झोपाळे होते.

नागोरावची कॉफी कळायची ती एकट्या धोंडूतात्या कासवांना. तात्या सकाळी घरून निघायचे, दुपारी पोचायचे, एक पेला घ्यायचे आणि डोळे मिटून बसायचे. मग म्हणायचे, कडू आहे, पण मागून गोड लागतं. एवढ्या एका वाक्यावर नागोरावचा दिवस जायचा.

एकदा काय झालं, बिया दळायच्या घरघरीने वाघाची दुपारची झोप मोडली. त्याने हुकूम काढला. उंबराखाली एकच दुकान राहील, सगळ्यांत उत्तम एस्प्रेसोचं. बाकी सहांनी ओढ्यापलीकडच्या माळावर जावं. माळावर ना सावली, ना पाणी. गिऱ्हाईक तर नावालाही नाही. नागोराव आत्तापासूनच पेले गाठोड्यात बांधायला लागला. पण त्याची बायको यमुनाबाई म्हणाली, अहो, आपली कॉफी चांगली आहे ना, मग भ्यायचं कशाला? बिचारी माहेरून नुकतीच आली होती.

परीक्षक नेमल्या शेवंताबाई घोरपड. त्यांची लायकी काय, तर जीभ. आपल्या जिभेला एक टोक, त्यांच्या जिभेला दोन. म्हणजे त्यांना चव दुप्पट कळणार, असं जंगलाने ठरवून टाकलं.

ठरल्या दिवशी बाई चार चेले घेऊन आल्या. पहिलं दुकान बजाबाचं. बजाबाची सकाळपासून धांदल, चुलीवर पाणी खदखदून राहिलेलं. त्याने त्याच पाण्याची कॉफी काढून पुढे केली. बाईंनी जीभ बुडवली. दोन्ही टोकं सडकून भाजली. डोळ्यांत टचकन पाणी आलं. पण चेले बघत होते, आणि परीक्षकाने 'आई गं' म्हणायचं नसतं. बाई म्हणाल्या, अंतर्मुख करणारी कॉफी आहे. चेल्यांनी ते पानावर लिहून घेतलं.

पुढच्या पाच दुकानांत त्यांना कशाचीही चव लागली नाही. बोलल्या मात्र भरपूर. एका कॉफीत त्यांना जांभळाच्या सालीचा भास झाला, दुसरीत जुन्या चामड्याचा, तिसरी त्यांना थोडी अबोल वाटली. मधेच कोणाचं लक्ष नाहीसं पाहून त्या ओल्या शेवाळावर जीभ टेकवायच्या. नागोरावचं दुकान शेवटचं. त्याने हे सगळं पाहिलं.

त्याची पाळी आली. त्या दिवशी त्याच्या हातून जन्मात झाली नव्हती अशी कॉफी झाली होती. बाईंनी ती पाणी प्यावं तशी घशाखाली लोटली. नागोरावला राहवलं नाही.

"बाई, तुमची जीभ भाजलीय," तो हळूच म्हणाला. "आज तुम्हाला काही चव लागायची नाही. गार दूध देतो, आणि उद्या परत या."

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. एक चेला फिदकन हसला. शेवंताबाईंची मान ताठ झाली. त्या दगडावर चढल्या आणि त्यांनी निकाल दिला.

"बाकी सहा जणांची चव दुकानाबाहेर पडेपर्यंतही टिकली नाही. बजाबांची कॉफी मी सकाळी घेतली, ती अजून जिभेवर आहे."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि नागोरावने संध्याकाळच्या आत चंबूगबाळं आवरलं.

मग जंगलात उकळत्या एस्प्रेसोची लाटच आली. जो तो जीभ भाजून घेऊ लागला. बोबडं बोलणं हे रसिकतेचं लक्षण ठरलं. ज्याचे उच्चार स्पष्ट, त्याला लग्नकार्यातही कोणी मानाने बसवेना.

माळावर नागोराव रोज ओढ्याकडे डोळे लावून बसायचा. कोणी नाही आलं तरी तात्या येतील, असं तो यमुनाबाईला सांगायचा. आठव्या दिवशी तात्या खरंच आले. नागोरावला भरून आलं. त्याने बिया दळल्या, पाणी वेळेवर उतरवलं, दोन्ही हातांनी पेला पुढे केला. तात्यांनी घोट घेतला. डोळे मिटले. उघडले.

"काहीच लागत नाही हो, नागोराव."

मग त्यांनी जरा ओशाळून सांगितलं की आठवडाभर वाटेत बजाबाकडे थांबत होते. सगळेच थांबतात, म्हणून.

नागोरावच्या अंगावरचे काटे सगळे आडवे झाले. इतकं वाईट त्याला उंबर सोडतानाही वाटलं नव्हतं. त्याने पाणी परत चुलीवर ठेवलं, खदखदू दिलं आणि त्याची कॉफी काढली. माळभर करपट वास सुटला.

तात्यांनी घोट घेतला. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं. मान पाठीत गेली ती बऱ्याच वेळाने बाहेर आली.

"आत्ता कुथे हात बथला तुमता," ते म्हणाले.

तात्पर्य : मुलांनो, चव विसरली जाते, चटका लक्षात राहतो. मोठेपणी काहीही करा, फक्त ते नीट करत बसू नका.