बहाद्दरची तब्येत आणि आमचं पेव

आरोग्य ही कुणा एकाची खाजगी बाब नसून अख्ख्या घराचा सामाईक मामला आहे. शरीर, मन, घर, अंगण आणि गोठा यांची नाडी एकच असते. हे तत्त्व मी, वैद्य शांतलिंग, मुक्काम सास्तूर, माझ्या ओट्यावर येणाऱ्या प्रत्येक रोग्याला सांगत असे. (रोगी खोकल्यासाठी आलेला असे. बिचारा ऐकून घेई.) युरोपात महायुद्ध चालू होतं, निजामाच्या राज्यात धान्याची लेव्ही, म्हणजे सक्तीची सरकारी वसुली, चालू होती, आणि अशा दिवसांत मन शांत कसं ठेवावं हे शिकवायला गावात माझ्याइतका लायक इसम दुसरा नव्हता. फक्त माझं कुत्रं थरथरत असे.

कुत्र्याचं नाव बहाद्दर. ते पिल्लू असताना ठेवलेलं, तेव्हा आम्हाला काही कल्पना नव्हती. बहाद्दर खलबत्त्याला भीत असे, माझ्या खडावांना, वाळत घातलेल्या धोतराला, शेजारच्या हणमंतप्पाच्या शिंकेला आणि अचानक दिसली तर स्वतःच्या शेपटीलाही. वैद्याच्या दारात कुत्रं कापतंय म्हटल्यावर रोगी दबकत विचारू लागले, की घरच्यालाच गुण येईना तर आमचं कसं व्हायचं. प्रश्न रास्त होता, म्हणून मला त्याचा राग आला.

सबब बहाद्दरवर सर्वांगीण इलाज करण्याचं ठरलं. ब्राह्मी घातलेलं तूप, टाळूला तेल, सकाळचा फेरफटका. घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, असा हुकूम मी मोठ्यानं जाहीर केला. रोग्याबरोबर घरानंही पथ्य पाळावं, या नियमानं लेकरांसकट सगळ्यांना मिताहार लागू झाला. नागम्मानं, म्हणजे आमच्या मंडळींनी, भाकरी तळहाताएवढी थापायची आणि ताटात एकच वाढायची. तिला दुपारची घेरी येऊ लागली. शरीर हलकं होत असल्याची ती खूण आहे, असं मी तिला समजावलं.

मिताहारामागं आणखी एक बारीकसं कारण होतं. घरात ज्वारी थोडी होती, कारण बाकीची अंगणातल्या पेवात होती. पेव म्हणजे धान्य साठवायला जमिनीत खणलेला खोल खड्डा. त्याचं तोंड शेणामातीनं लिंपलं की वरून नुसतं अंगण दिसतं. ज्वारी लेव्हीत द्यावी लागू नये म्हणून सुगीनंतर मी ती तिथं लपवली होती, आणि पेव उघडलं तर कुणीतरी बघेल म्हणून उघडत नव्हतो. अशा रीतीनं सरकारपासून वाचवलेली ज्वारी आमच्यापासूनही सुखरूप होती.

पेवाच्या तोंडावर कुणाचा पाय पडू नये म्हणून बहाद्दरचं गोणपाट मी तिथंच अंथरलं. (जागा थंड, हवेशीर आणि वैद्यकीयदृष्ट्या निर्दोष.) बहाद्दर त्यावर निजेना. गोणपाटाभोवती घिरट्या घाली, हुंगे, माझ्याकडं बघे आणि कापे. तो शांत झाला का हे बघायला मी घडोघडी अंगणात जाई, जाता जाता लिंपण शाबूत आहे ना तेही बघे, आणि बघताना माझा श्वास रोखला जाई. त्याला मी प्राणायाम समजत असे.

एकदा शेजारच्या लोहारा गावात रोगी बघून परतलो, तर नागम्मानं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि म्हणाली, "तुमी गावाला गेलाव की त्ये कुत्रं पोट वर करून झोपतंय. दिसभर."

औषधाचा गुण कधी कधी उशिरा येतो, असं मी म्हणालो.

"कुत्रं भित्रं न्हाय," ती म्हणाली. "तुमी जिकडं बघून भेताव, तिकडं बघून ते भेतंय. पेव उघडा. लेकरं उपाशी हैत."

मी तिला मन शांत ठेवायला सांगितलं.

पुढं थोड्याच दिवसांत गिरदावर हिंमतराव गावात आले. गिरदावर म्हणजे गावोगाव फिरून लेव्ही वसूल करणारा अंमलदार. पण माझ्या ओट्यावर ते रोगी म्हणून बसले होते. त्यांना झोप येत नव्हती. एवढा मोठा अंमलदार श्रोता म्हणून मिळाल्यावर मला राहवेना. मी सांगितलं, "ज्याच्या पोटात काही लपवलेलं नसतं, त्याला पडल्या पडल्या झोप लागते."

हे बोलताना माझी नजर अंगणात गेली. बहाद्दर उठला, गोणपाटाजवळ गेला आणि कुंइं कुंइं करत कापू लागला. भिंतीला टेकलेले हिंमतराव सरळ बसले.

"वैद्यबुवा, तेवढं पुन्हा एकदा म्हणा बरं," ते म्हणाले. त्यांची नजर माझ्यावर नव्हती, कुत्र्यावर होती.

मी पुन्हा म्हणालो. या खेपेला नजर आभाळाकडं लावली होती, पण रोखलेल्या श्वासाचा मला विसर पडला. बहाद्दरला पडला नाही. हिंमतरावांनी उठून गोणपाट बाजूला केलं आणि काठीनं जमीन ठोकून बघितली.

पेव उघडलं तसा आंबट वास अंगणभर पसरला. कधीतरी बाजूनं पाणी मुरलं होतं. वरची चांगली ज्वारी लेव्हीत गेली. खालची काळी पडून गठ्ठा झाली होती, ती घ्यायला सरकारनं नकार दिला. (सरकारलाही काही पथ्यं असतात.) नागम्मानं त्यातली मूठभर उचलली, हुंगली आणि परत टाकली. ज्वारी अशी कुजत असताना ती लेकरांना तळहाताएवढी भाकरी वाढत होती. मला फार लाज वाटली. इथं कंसात लिहिण्यासारखं काही नाही.

नागम्मा हणमंतप्पाच्या घरून पदरात ज्वारी घेऊन आली आणि तिनं ताटभर भाकरी थापल्या. त्यानं ती कुठून काढली हे मी विचारलं नाही. त्याच्याकडं कुत्रं नव्हतं. बहाद्दर तोवर रिकाम्या पेवाच्या काठावर पोट वर करून घोरत होता. जाताना हिंमतरावांनी त्याच्याकडं बघून माझ्या इलाजाची तारीफ केली.

हल्ली मी रोग्याची नाडी बघत नाही. घरी सगळं ठीक ना, एवढं विचारतो आणि त्याची नजर कुठं जाते ते बघतो. मघाशी पेवाचं वाचताना तुमची नजरही क्षणभर घरातल्या एका जागेकडं गेली होती. कोणत्या, ते मी विचारत नाही. तुमच्याकडं कुत्रं नसेल, म्हणून निर्धास्त असाल. लेकरं तर असतील.