कमळपक्ष्याचा घरधनी

रज सणाच्या पहिल्याच दिवशी दैतारी बेहेराचा डाळ-भाज्यांचा दालमा करपला आणि त्याला स्त्रीजातीच्या कर्तव्यांची आठवण झाली. (करपलेल्या पातेल्यासमोर बसलं की पुरुषाला अशा गोष्टी फार पटकन आठवतात.)

रजचे तीन दिवस धरणीमाता विसावा घेते, म्हणून बायका चुलीला हात लावत नाहीत. पायांना आळता लावून झोपाळ्यावर बसतात, विडे चघळतात आणि पुरुष रांधतात. चिलिका सरोवराकाठी यावर कधी कुणी वाद घातला नव्हता. दैतारीनं घातला.

"कुंतला," पळी घेऊनच तो अंगणात आला, "ती कमळपक्षीण बघ. उन्हातान्हात अंड्यांवर बसून असते बिचारी. मागते का कधी रज?"

"आणि तिचा नवरा?" बायकोनं झोका थांबवला नाही.

"तो घरधनी. तो फिरतो!"

पक्षी बघायला येणाऱ्या पाहुण्यांना नावेतून फिरवताना दैतारी दहा वर्षं हेच सांगत होता. निम्मे पाहुणे डोळे पुसत.

"दाखवा तर," कुंतला म्हणाली. "अंड्यांवर बाई असली, तर आत्ता चुलीपुढे बसते आणि पुढल्या वर्षापासून रज बंद. बाप्या निघाला, तर वर्षभर चूल तुमची."

"महाप्रभूंची शपथ!" दैतारीनं पळी उगारली.

नावेत कुंतला बसली, दैतारीची आई बसली आणि शेजारच्या चार बायका फुकटात चढल्या. वल्हवायला अर्थात तो एकटाच. कमळाच्या पानांत एक लहानसा पक्षी तीन अंड्यांवर पंख पसरून बसला होता.

"बघा माउली!" दैतारीनं वल्हं छातीशी धरलं. तेवढ्यात एक थोराड पक्षी डौलात आला. "आणि हा घरधनी! काय ती चाल, काय ती ऐट!"

माउली मुकाट्यानं बाजूला झाली. घरधनी घरट्यात बसला, जरा चुळबुळला आणि उठला. अंडी चार झाली होती.

चारही शेजारणींनी बोटांवर पुन्हा मोजली.

"अहो," कुंतला हळूच म्हणाली, "तुमच्या घरधन्यानं अंडं घातलं."

"ते... कधी कधी... मदत म्हणून घालतात."

तोवर थोराड बाई मागे वळूनही न बघता पलीकडच्या पानावर गेली. तिथे दुसरा एक किडकिडीत नवरा वाट बघत उभाच होता.

"मला ठाऊक होतं," आई विडा चघळत म्हणाली. "लहानपणी अंडी काढायला गेलं की बापच अंगावर धावून यायचा. आई भलत्याच घरी!"

"मग सांगितलं का नाहीस, बोऊ?" दैतारी आईवर उखडला.

"सणासुदीचं घरात काहीतरी करमणूक नको?"

चौथ्या दिवशी गावभरच्या पुरुषांनी पळ्या खाली ठेवल्या. दैतारी एकटाच फुंकणी घेऊन बसला. धुरानं डोळ्यांत पाणी आलंय, असं तो सांगत होता, पण त्याला खरंच रडू येत होतं.

कुंतलाला दया आली. ती जवळ येऊन बसली. "तोंड पाडू नका हो. त्या बाईला चार-चार नवरे लागतात. माझं तुमच्या एकट्यावर भागतंय ना?"

दैतारीनं फुंकणी खाली ठेवली. त्यानं भरल्या डोळ्यांनी सगळ्यांना माशाचं कालवण वाढलं.

आईनं पहिला घास तोंडात घातला आणि बराच वेळ चावला.

"सूनबाई," ती म्हणाली, "नाही भागायचं."