तात्याचा पेचकस

माझा धाकटा भाऊ तात्या खिशात पेचकस ठेवूनच झोपतो. तो साखर कारखान्यात फिटर आहे. यंत्रांजवळ राहून कान अर्धे गेलेत, पण पेचकसाचं टोक यंत्रावर आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवली, की आतलं सगळं त्याला कळतं. पुढे खोड वाढली. माझा पंखा, गल्लीतली पिठाची गिरणी, एकदा तर आजारी म्हैससुद्धा त्याने तशीच तपासली. म्हशीने लाथ घातली. "चालू हाय," तात्या म्हणाला.

बायको गेल्यावर घरात तो आणि लेक सुजाता, दोघंच. सुजाता कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होती. सरांनी तिला सुट्टीचे दोन महिने बारामतीच्या लॅबमध्ये संशोधनाला घेतलं. राहणार माझ्याकडे. उन्हाळ्यात कारखाना बंद असतो, तेव्हा यंत्रं खोलून दुरुस्त करतात. तात्याला वाटलं, उन्हाळ्यातलं काम म्हणजे तेच. तो भवानीनगरहून लेकीबरोबर पान्हे, ग्रीसचा डबा आणि पुसायच्या चिंध्या घेऊन आला.

"तात्या, तितं काय खोलायचं नसतंय," सुजाता म्हणाली.

"मग दोन म्हैनं करणार काय?"

"ईचार."

"त्यो घरी बी हुतोय. आठ दिस बघतो. न्हाय जमलं तर परत नेतो."

पोर रडकुंडीला आली. मी म्हटलं, "सोडाय आलायस का रडवाय?" त्याला ऐकू आलं नाही. किंवा आलं.

आठव्या दिवशी तो हजर. मीही त्याच्याबरोबर लॅबवर गेले. तेव्हा कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून जावं लागे. बाहेर चपलांची रांग, दार बंद. सर म्हणाले, "तिचं टेबल या फळीच्या भिंतीलाच लागून आहे. बोलावतो." तात्याने हातानेच नको म्हटलं. पेचकस काढला, टोक फळीवर टेकवलं, मूठ कानामागे. डोळे मिटून उभा राहिला. येणारेजाणारे हसत होते.

"बटनं दाबतीया, पर मधी मधी थांबतीया," तो म्हणाला.

आता हा पोरीला नेतो, असं मला वाटलं. मी त्याच्या कानात ओरडले, "ईचार करत आसंल."

तो पुन्हा ऐकत राहिला. बराच वेळ.

"व्हय. थांबून परत धरतीया." त्याने पेचकस सदऱ्याला पुसून खिशात घातला. "ऱ्हाऊ दे हितं."

एसटी स्टँडवर मी विचारलं, "पोरीला भेटला का न्हाईस?"

"काम मोडलं असतं तिचं."

"आता कवा येशील?"

"उद्या," तो म्हणाला. "कारखाना बंद हाय, अक्का. घरात बी काय वाजत न्हाय."