थर्मामीटर तोंडात असताना

सकाळी अकरा चाळीसला मिस्त्रींना ऑपरेशन थिएटरमधून शेजारच्या रिकव्हरी रूममध्ये आणलं. डाव्या पायात नवी रक्तवाहिनी जोडलेली, शुद्ध आलेली, अंगाचं तापमान पस्तीस पूर्णांक चार.

"छत्तीस झाल्याशिवाय वॉर्डात सोडणार नाही," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. एकवीस वर्षांत त्यांनी एकही पेशंट गारठलेला बाहेर जाऊ दिला नव्हता. अंग गार पडलं की रक्तवाहिन्या आखडतात आणि सर्जननं चार तास खपून जोडलेल्या वाटेनं रक्त बोटांपर्यंत पोचताना अडखळतं, हे त्या प्रत्येक नव्या नर्सला पहिल्याच दिवशी ऐकवत.

त्यासाठीच ते कपाट होतं. ब्लँकेट आतल्या आत गरम ठेवणारं. दोन वर्षांत सिस्टरांनी सात अर्ज केले. 'गरम ब्लँकेट ही चैन आहे,' असा शेरा मारून अधीक्षकांनी सहा परत पाठवले. सातवा बहुधा न वाचता मंजूर केला. कपाट कालच आलं होतं आणि जिथे प्लग होता तिथे उभं राहिलं होतं.

"काका, थंडी वाजतेय?"

"मला?" मिस्त्रींनी शीतगृहाची यंत्रं सांभाळण्यात तीस वर्षं घालवली होती. "उणे अठरात डबा खाल्लाय मी."

"मग दात कशाला वाजताहेत?"

"त्यांचं ते बघतील. सिस्टर, त्या कपाटाच्या वर..."

"आ करा." थर्मामीटर तोंडात गेला. तो तोंडात असताना बोलायचं नाही, हा या खोलीचा कायदा होता.

पस्तीस पूर्णांक दोन.

"अगं, अजून दोन काढ," सिस्टर म्हणाल्या. धाकट्या नर्सनं कपाट उघडलं. उबेचा लोट बाहेर आला आणि छतातल्या एसीनं घरघरत जोर धरला. मिस्त्रींनी बोट वर केलं.

"हात आत," म्हणत सिस्टरांनी त्यांना हनुवटीपर्यंत गुंडाळलं.

दहा मिनिटांनी पस्तीस पूर्णांक एक. आणखी दोन ब्लँकेट. एसीला आणखी जोर. पायाची नाडी बोटाला लागेना. सिस्टरांचा चेहरा तसाच होता, पण त्या आता दर पाच मिनिटांनी थर्मामीटर लावू लागल्या. साहजिकच मिस्त्रींना बोलायला सवड उरली नाही.

धाकटीनं 'एसी नीट चालत नाही' अशी तक्रार खाली दिली. एसीवाला किल्ली घेऊन आला आणि सरळ भिंतीवरच्या, खोलीचं तापमान मोजणाऱ्या कुलूपबंद डबीकडे गेला.

"बाप रे, एकतीस! गरम होणारच. थांबा, कमी करतो."

"कमी? पेशंट कुडकुडतोय!" धाकटी म्हणाली.

"पेशंटचं मला माहीत नाही, बाई. मशीन बरोबर आहे." त्यानं डबीवर लावलेले चोवीसचे वीस केले आणि तो निघूनही गेला. किल्लीही त्याच्याबरोबर गेली.

एवढ्यात मिस्त्रींच्या पत्नी गरम पाण्याची पिशवी घेऊन दारात आल्या. "अहो, पायाला लावते हं."

"काकू, पायाला नाही! त्या पायाला अजून धड समजत नाही, भाजलं तरी कळायचं नाही. ही टोपी घाला त्यांना."

टोपी घालताना काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. तोंडात थर्मामीटर होता आणि ब्लँकेटच्या ढिगातून एक बोट वर आलं होतं.

"सिस्टर, हा माणूस महिन्याला चार वाक्यं बोलतो. आज बोट वर करून काहीतरी सांगतोय. काढा हो ती नळी!"

सिस्टर क्षणभर थांबल्या. मग एकवीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी थर्मामीटर वेळेआधी काढला.

"कपाटाच्या वर डबी आहे," मिस्त्री दात वाजवत म्हणाले. "एसी तिच्याकडे बघून चालतो. कपाटाची ऊब तिला लागते. तिला वाटतं, खोली तापली. तुम्ही कपाट उघडताय, तो गार करतोय. मी गार पडतोय, तुम्ही पुन्हा कपाट उघडताय."

सिस्टरांनी कपाटाकडे पाहिलं, मग वरच्या डबीकडे.

"प्लग मीच दाखवला होता," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला, सात अर्जांच्या कपाटाला खांदा लावला आणि धाकटीबरोबर ते बाहेर व्हरांड्यात ढकललं. मोकळा प्लग अधीक्षकांच्या दाराशेजारी होता. तिथे ते लावलं.

साडेबारापर्यंत डबी एकवीसवर उतरली आणि एसीची घरघर मंदावली. सिस्टरांनी व्हरांड्यातून ब्लँकेट आणून बदलण्याच्या बारा खेपा केल्या. एकही धाकटीला करू दिली नाही. एक वाजता पस्तीस पूर्णांक सात. दीड वाजता छत्तीस पूर्णांक एक. त्यांनी मिस्त्रींच्या पावलावर दोन बोटं ठेवली आणि डोळे मिटले.

"लागतेय," मग हळूच म्हणाल्या. काकूंनी पदराला डोळे पुसले.

"सिस्टर, आमच्याकडे नोकरीला या," मिस्त्री म्हणाले. "तीस वर्षांत इतक्या नेटानं तापमान राखणारं कोणी पाहिलं नाही."

"आ करा," सिस्टर म्हणाल्या. वॉर्डात सोपवायच्या कागदावर शेवटचा आकडा लागतो.

ट्रॉली व्हरांड्यातून जाताना मिस्त्रींनी कपाटाकडे पाहिलं, मग त्याच्या वरच्या भिंतीकडे, आणि बोट वर केलं.

"हात आत," सिस्टर म्हणाल्या.

चार वाजता अधीक्षकांच्या केबिनमधून 'एसी नीट चालत नाही' अशी तक्रार गेली. एसीवाल्यानं केबिनच्या दाराबाहेरची, कपाटाच्या वरची डबी पाहिली, बत्तीस होते. त्यानं चोवीसचे वीस केले आणि मशीन बरोबर असल्याचं लिहून दिलं. पाच वाजता अधीक्षक कोट घालून बसले होते. मोठ्या सिस्टरांनी त्यांना दोन गरम ब्लँकेट पाठवली. ती काढण्यासाठी कपाट दोनदा उघडावं लागलं.