फोटो कुणी काढला?

"ऋतुजा, सिंधुताई एकटीच आली होती गं माझ्याकडे भोकरला. दाजींचं विचारलं की भाजी खारट झाली का, असं विचारायची. तू जरा लक्ष घाल बाई," असं विमलमावशीने होळीच्या आधीच फोनवर सांगितलं होतं. ऋतुजाने लेकाच्या, अनयच्या तोंडात वरणभात कोंबता कोंबता उत्तर दिलं, "मावशी, बाबांना एसटी लागते. बाकी काही नाही." आणि विषय मिटवला.

ऋतुजाने असं करावं याचं नवलच. नांदेडच्या तिच्या घरात अनय एकदा शिंकला तर थर्मामीटर निघतो आणि पुन्हा शिंकला तर नवरा, सुदर्शन, ऑफिसातून निघतो. पण आईबाबांचा तिला घोर नव्हता. बाबा, म्हणजे शेषेराव मास्तर, निवृत्त झाल्यापासून लातूरहून घरच्या ग्रुपवर सारखे फोटो यायचे. खरोशाच्या लेण्यांपुढे बाबा. माहूरच्या पायऱ्यांवर आई. फुललेल्या पळसाखाली बाबा. ऋतुजा प्रत्येकाखाली बदाम टाकायची आणि लिहायची, "आईने काय सुंदर काढलाय!" नाहीतर "बाबांनी काय सुंदर काढलाय!"

पाडव्याच्या आठवड्यात एका दुपारी अनय झोपला, तेव्हा तिने ते सगळे फोटो ओळीने पाहिले. दोघं मिळून असलेला एकही नव्हता. माहूरच्या फोटोत काढणाऱ्याची सावली पडली होती आणि त्या सावलीला फेटा होता. बाबांनी लग्नातसुद्धा फेटा दहा मिनिटांत काढून ठेवला होता, असं आईच सांगायची.

आधी तिला वाटलं, बाबा आजारी. मग वाटलं, आई आजारी. रात्र सरेपर्यंत वाटू लागलं, दोघांचं बिनसलं, तेही या वयात. सकाळी तिने फोन लावला.

"बाबा, आई कुठंय?"

"हाय की. असंल इथंच."

"द्या फोन."

"आत्ता? आत्ता ती... न्हाई." आणि फोन बंद.

एवढं पुरे होतं. अनय, त्याची औषधं, त्याची टोपी घेऊन तिने लातूरची बस धरली. अहमदपूरच्या स्टँडवर शेजारी नांदेडची बस उभी होती. तिकडे बघायला तिला सवड नव्हती, अनयने टोपी खिडकीबाहेर टाकली होती.

लातूरच्या घरी अंगणात नळापुढे स्टूल टाकून शेषेराव बसले होते. मांडीवर ताट, ताटात गार भाकरी.

"तू कामून आलीस?" ते दचकून उठले. "आई तर तुझ्याकडं गेली की! अनयला पाडव्याच्या गाठी घेऊन. न सांगता जाते म्हणली, पोरगी खूश होईल."

तेवढ्यात आईचाच, सिंधुताईंचा, फोन आला. "अगं, तुझ्या दाराला कुलूप हाय! मी पायरीवर बसलेय. गाठींना मुंग्या लागायल्या."

सुदर्शनला किल्ली घेऊन पिटाळल्यावर ऋतुजा वडिलांकडे वळली. "खरं सांगा, भांडलात का तुम्ही?"

"भांडायला दोघं एका जागी लागतात, बाई." त्यांनी नळाकडे बोट केलं. "ह्याला वार न्हाई, वेळ न्हाई. कधी आठवडा, कधी दहा दिवस. नळ खाली, टाकी वर. पाणी आलं की बादलीनं भरावं लागतं. शेजाऱ्याला सांगावं तर त्याचाबी नळ तवाच येतो. मग एकानं नळापाशी बसायचं; एकदा ती फिरती, एकदा मी. फोटो तिथं भेटंल त्याच्याकडून काढून घ्यायचा."

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं की तू म्हणणार, इकडं या ऱ्हायला. लेकराचं करून थकून जातीस, त्यात आमची भर." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "आन् बरंच हाय म्हण. कवातरी एकालाच ऱ्हायचंय. सवय होऊन जाती."

ऋतुजाने बॅग खाली ठेवली. "कपडे बदला. नांदेडची बस धरा."

"आन् नळ?"

"मी बघते."

"जमंल तुला?"

"एम.एस्सी. झालंय माझं, बाबा."

"नळाला त्ये कळत न्हाई," शेषेराव म्हणाले. पण शर्ट बदलायला गेले. जाताना तीनदा बजावलं, पहिली बादली गढूळ येती, ती तुळशीला घाल.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर फोटो आला. गोदावरीचा घाट, आणि पहिल्यांदाच दोघं एकत्र. फक्त दोघांची पाठ कॅमेऱ्याकडे होती. खाली बाबांनी लिहिलं होतं, "एवढं पाणी, आन् कुणीच भरंना!"

"उद्या निघतो गं, तुझे हाल होत असतील," आई फोनवर म्हणाली.

"पाडवा करूनच या," ऋतुजा म्हणाली आणि स्टुलावर बसून राहिली. अनय कोरड्या बादलीत बसला होता. नळातून एकदा सूं आवाज आला, ती धावली, नुसती हवा होती. संध्याकाळी तिने स्वतःचा आणि अनयचा फोटो पाठवला. सुदर्शनने लगेच बदाम टाकला. "वा! मजा चाललीय."

पाणी अजून आलेलं नाही. तोवर तुम्ही एवढं करा. तुमच्या घरच्या म्हाताऱ्यांचे फोटो पुन्हा बघा. दोघं एकत्र दिसत नसतील तर बदाम टाकू नका, फोन लावा. आणि जो फोटोत नाही, त्याला विचारा, जेवला का म्हणून.