शेपटीला लाल फडकं

९ मे. आजचं काम एकच: ऊन चढायच्या आत बारक्याला जालन्याला जनावरांच्या दवाखान्यात पोहोचवायचं. पोटाखाली लिंबाएवढी गाठ आली आहे. आणखी थांबलो तर पसरेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गाडी माझी, कुत्रा शेजारच्या काटेआबांचा. सकाळी सहाला मी किल्ली घेऊन खाली आले, तर आबा कुत्र्याच्या शेपटीला लाल फडकं बांधत होते.

"हे कशाला?"

"शेपूट बाहीर आलं तर मागच्या गाडीला दिसाया नको?"

काटेआबांचं खरं नाव नामदेवराव. पण अंकुशनगरात त्या नावानं चौकशी केलीत तर घर सापडणार नाही. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर तीस वर्षं काढलेला माणूस. ट्रॉलीच्या मागे ऊस लोंबत असेल तर त्याला लाल फडकं बांधलंच पाहिजे, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. जगातली प्रत्येक वस्तू त्यांच्या लेखी लोड आहे. "लोड हलला की लोड गेला," हे वाक्य ते पंगतीत भाताची परात नेणाऱ्यालाही ऐकवतात.

बारक्या हे नाव पिल्लू असतानाचं. आबांच्या बायकोनं, काकूंनी, त्याला पदरात गुंडाळून आणलं होतं. आता तो मागच्या पायांवर उभा राहिला की माझ्या दोन्ही खांद्यांवर पंजे टेकवतो.

भूल देण्यासाठी डॉक्टरांनी फोनवर वजन विचारलं, तेव्हा आबांनी मला गाडीसकट वजनकाट्यावर नेलं. म्हणजे मी गाडी चालवत गेले आणि ते कुत्र्याला धरून पायी आले. एकदा कुत्र्यासकट वजन, एकदा कुत्र्याशिवाय. पण तो काटा ट्रकांचा. आकडा दहा-दहा किलोंनी उडतो. बारक्या एकदा तीस भरला, एकदा चाळीस.

"आबा, मधल्या दहा किलोंचं काय करायचं?"

"काटा खोटं बोलत न्हाई, बाई. ह्यो हलून राह्यलाय."

मी शाळेत गणित शिकवते. वाद घातला नाही. डॉक्टर म्हणाले, आमच्याकडे काटा आहे, तुम्ही फक्त कुत्रा आणा.

मग दोरखंड निघाला. उसाच्या ट्रॉलीवर टाकतात तसे आडवे फास टाकून आबा त्याला सीटला आवळणार होते. मी डॉक्टरांना पुन्हा फोन लावून आबांच्या कानाशी धरला. गळ्याला बांधायचं नाही, छातीचा पट्टा घालायचा, तो सीटबेल्टच्या खाचेत अडकवायचा, पुढच्या सीटवर बसवायचं नाही, ड्रायव्हरच्या मांडीवर येता कामा नये. आबांनी सगळं लिहून घेतलं. जनावराचे हाल होतील असं नेणं गुन्हा आहे, हेही कुठून तरी कळल्यावर त्यांनी फाइल केली: लशीचं कार्ड, डॉक्टरांची चिठ्ठी, माझं लायसन, गाडीचा विमा, पीयूसी.

आणि तालीम! आठ दिवस रोज सकाळी ते माझ्या उभ्या गाडीत बारक्याला घेऊन बसत. पहिल्या दिवशी दारं उघडी, दुसऱ्या दिवशी बंद, तिसऱ्या दिवशी इंजिन सुरू. "त्याला सवय न्हाई गाडीची," म्हणत. पाचव्या दिवशी मी म्हटलं, गेटपर्यंत एक चक्कर मारू. बारक्या खिडकीतून जीभ काढून खुशीत बसला होता. आबा मात्र घाईघाईनं उतरले. "बिलकुल नको. त्याची तयारी न्हाई झाली."

तर आज निघालो. पुढे बसा म्हटलं तर ऐकेनात, बारक्याशेजारी मागेच बसले. अंबडला चौकात हवालदार उभा दिसला. आबांनी मला गाडी बाजूला घ्यायला लावली आणि काच खाली करून फाइल त्याच्यापुढे धरली. "साहेब, तपासून घ्या."

"मी थांबवलं का तुमाला, काका?"

"न्हाई. पण बराबर आहे का ते बघा. पट्टा वढून बघा."

हवालदारानं बारक्याचं तोंड बघितलं. दोन पावलं मागे सरकून म्हणाला, "बराबर आहे. जा जल्दी."

अंबड मागे पडलं. बडबड थांबली म्हणून मी आरशात बघितलं. बारक्या आबांच्या मांडीवर डोकं ठेवून घोरत होता. आबांचे डोळे घट्ट मिटलेले. पट्ट्याचे दोन वेढे मुठीला. एसी चालू असून सदरा भिजलेला.

"आबा, थांबवू का गाडी?"

"त्याला कसंतरी होऊन राह्यलंय."

"तो झोपलाय."

आबांनी पट्ट्याचा आणखी एक वेढा मुठीला घेतला. मग म्हणाले, "ह्याच रस्त्यानं तुमच्या काकूला घेऊन गेल्तो. मागंच बसलो व्हतो, अस्संच. येताना एकटाच आल्तो. तवापासून चालत्या गाडीत बसलो न्हाई."

त्याला तीन वर्षं झाली. भाचीच्या लग्नाला गेले नाहीत, गावच्या जत्रेला नाहीत. "बारक्याला कोण बघंल?" एवढंच कारण सांगत आले. आणि आम्ही सगळे हसत आलो.

वेगाचा काटा साठावर होता, तो मी चाळिसावर आणला. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवत पुढे गेले.

गाठ निघाली. बारक्याचं वजन अडतीस भरलं. आबांनी त्या काट्यावरही संशय घेतला. संध्याकाळी परत येताना गुंगीतल्या बारक्याला पट्टा त्यांनी स्वतः लावला. येताना मागची सीट भरलेली होती. त्यांचे डोळे मात्र मिटलेलेच राहिले. टाके काढायला दहा दिवसांनी पुन्हा जायचं आहे.

१० मे. सकाळी सहाला मी गाडी सावलीतून बाहेर काढली, मागचं दार उघडलं आणि आबांना हाक मारली.

"बारक्याला तर आराम सांगितलाय," ते दारातूनच म्हणाले.

"त्याला नाही बोलावलं. बसा. गेटपर्यंत."

"बाई, लोड न्हाई तर गाडी कशाला काढायची?"

"बसा म्हटलं ना."

बसले. मी मागे वाकून त्यांचा बेल्ट खाचेत अडकवला आणि एकदा ओढून बघितला.