पाटणकरांची झेक परीक्षा

सुधीर पाटणकरांनी ज्या परीक्षेचा अभ्यास सुरू केला होता, तिला अजून पाच वर्षं अवकाश होता. ज्या देशात ती द्यायची, तिथं त्यांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. तिथं जायचा व्हिसा हातात नव्हता. इतकंच काय, त्या परीक्षेचा कायदासुद्धा अजून लागू व्हायचा होता. तरीही २००८च्या एप्रिलमध्ये, अमेरिकेत पार्सिपनीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये, पाटणकरांच्या फ्रिजवर 'लेद्निच्का' अशी पिवळी चिठ्ठी लागली. खिडकीवर 'ओक्नो', टेबलावर 'स्तूल'.

"हे काय लचांड आता?" मी विचारलं.

"झेक," ते म्हणाले. "ऐन वेळी फजिती नको."

हे त्यांचं पालुपद. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायचे आणि ऑफिस एकच, त्यामुळे जाणं-येणं त्यांच्या गाडीतून. साडेसातला निघायचं ठरलेलं असलं की सात-दहालाच ते खाली इंजिन चालू करून बसलेले असत. मी ओल्या केसांनी, हातात टोस्ट घेऊन धावत यायचे. ते फक्त घड्याळाकडे न बघण्याचा आटोकाट प्रयत्न करत, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

डेंटिस्टची अपॉइंटमेंट असली की हा गृहस्थ आदल्या दिवशी जाऊन पार्किंग बघून यायचा. पाकिटात पासपोर्ट फोटो कायम, अमेरिकेचे चौकोनी वेगळे आणि युरोपचे उभट वेगळे. सिंगापूरला असताना त्यांच्या बायकोचे, नीलिमाचे, दिवस भरत आले, तेव्हा यांनी तिला टॅक्सीत बसवून हॉस्पिटलपर्यंत तीनदा रंगीत तालीम केली होती. खऱ्या कळा सुरू झाल्या त्या हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये, चौथ्या तालमीच्या वेळी. "म्हणजे वेळेवर पोचलो की नाही?" असं ते अजून विचारतात, आणि नीलिमा कपाळाला हात लावते.

व्हिसा इंटरव्ह्यूची तालीम तर मी डोळ्यांनी पाहिली आहे. आमच्या अपार्टमेंटांत स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामध्ये एक चौकोनी खिडकी होती, वाढायला बरी पडायची. पाटणकर हॉलच्या बाजूला फाइल छातीशी धरून उभे राहायचे. आत नीलिमा, हातात लाटणं, कॉन्सुलेटची अधिकारी.

"परत जाणार कशावरून?" ती करड्या आवाजात विचारायची.

"मॅडम, माझी कागदपत्रं..."

"रिजेक्टेड! नेक्स्ट!" ती लाटणं आपटायची, की मागून नऊ वर्षांची सई ओरडायची, "बाबा, यू आर स्वेटिंग! इट्स जस्ट आई!"

घाम मात्र खरा असायचा. तो का, ते मला एकदा ऑफिसातून परतताना कळलं. लग्नाआधी मस्कत, मग सिंगापूर, मग अमेरिका. अठरा वर्षं हा माणूस कुठल्या ना कुठल्या शिक्क्यावर राहत होता, आणि प्रत्येक शिक्क्याला शेवटची तारीख होती. अमेरिकेच्या व्हिसाची सहा वर्षं आता संपत आली होती. ग्रीन कार्डाची फाइल कुठल्या ढिगाऱ्यात पडली होती, देव जाणे. सईच्या तीन शाळा झाल्या होत्या. अशात कंपनीने झेक देशातल्या ब्रनोच्या नव्या ऑफिसात जागा देऊ केली. तिथं पाच वर्षं राहिलं की कायम राहण्याचा अर्ज करता येतो, आणि त्यासाठी आता म्हणे झेक भाषेची परीक्षा येणार होती.

"मला मोठं घर नको, मेघना," ते रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले. "एकदाच, एक असं ठिकाण पाहिजे जिथं कुणी येऊन म्हणणार नाही, की झालं तुमचं, आता निघा."

त्यानंतर मी त्या पिवळ्या चिठ्ठ्यांची चेष्टा थोडी कमी केली. अगदी बंद केली असं नाही.

परीक्षा तोंडी असणार, म्हणून त्यांनी लायब्ररीच्या फळ्यावर कागद लावला: झेक बोलणारी व्यक्ती हवी. मला वाटलं होतं, कुणी कुत्रंही विचारणार नाही. तिसऱ्याच दिवशी व्लास्ताबाईंचा फोन आला. वय सत्तर, एकट्या, चाळीस वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर एकेका सुटकेसनिशी देश सोडून आलेल्या. नवरा गेल्यापासून झेकमध्ये बोलायला कुणी उरलं नव्हतं. दर शनिवारी सकाळी दहा वाजता शिकवणी ठरली. पाटणकर साडेनऊलाच पोचत आणि कोपऱ्यावर गाडीत बसून राहत. पुढे त्यांच्या लक्षात आलं, की बाईसुद्धा साडेनऊपासून पडद्याआड उभ्या असतात.

जूनपर्यंत त्यांना झेकमध्ये डॉक्टरला दुखणं सांगता येऊ लागलं. ऑगस्टपर्यंत रेल्वेचं तिकीट मागता येऊ लागलं. व्लास्ताबाईंनी मग एक काम सांगितलं. ब्रनोपासून तासाभरावर त्यांचं गाव. चर्चच्या मागे वडिलांचं घर, आत पाव भाजायची विटांची भट्टी. तिथली राजवट बदलून परत जाता येऊ लागलं तेव्हा नवरा आजारी पडला, मग त्यांचे गुडघे गेले. घर आहे की पाडलं, कोण राहतं, एवढं फक्त बघून सांगायचं. पाटणकर हो म्हणाले.

सप्टेंबरात ब्रनोची जागा रद्द झाली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्यांची इथलीही नोकरी गेली. महिनाअखेर शेवटचा दिवस, आणि व्हिसा नोकरीला बांधलेला, म्हणजे तोवर देश सोडायचा. मी संध्याकाळी खाली गेले तर चिठ्ठ्या जागच्या जागी, आणि पाटणकर वहीत काहीतरी गिरवत बसलेले.

"आता कशाला हे?" मी म्हणाले. मला खरंच रडू येत होतं, म्हणून आवाज जरा चढला.

"शनिवारचा होमवर्क राहिलाय," ते म्हणाले.

त्यांची गाडी विकली गेली होती, त्यामुळे शेवटच्या शनिवारी मीच ड्राइव्ह केलं. बाईंनी पूर्ण परीक्षा घेतली, समोर घड्याळ ठेवून. पाटणकरांना घाम. नाव काय, राहता कुठे, काम काय करता. कामाच्या प्रश्नावर त्यांनी आधीचंच पाठ केलेलं उत्तर म्हणून टाकलं. बाईंनी टाळ्या वाजवल्या. मग हाताने काढलेला नकाशा त्यांच्यापुढे ठेवून इंग्रजीत विचारलं, "कधी निघताय?"

"तीस तारखेला," पाटणकर म्हणाले. ते खरंच होतं. कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही.

गाडीत बसल्यावर मी भडकले. "पाटणकर, तुम्ही त्यांना सांगितलंच नाही?"

"तीन शनिवार सांगायचं ठरवून गेलो गं. तयारीसुद्धा केली होती, चार वाक्यं पाठ होती." त्यांनी नकाशा खिशात नीट ठेवला. "मी गेलो की त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलायला कुणी नाही. आणि वर हेही सांगू, की तुमच्या घरापर्यंत कुणी जाणार नाही?"

मग या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा बिनतयारीचं काम केलं. नीलिमा आणि सई थेट मुंबईला. हे प्रागमार्गे, चार दिवसांच्या टुरिस्ट व्हिसावर.

"गावाची बस कुठून सुटते?" मी विचारलं.

"माहीत नाही. विचारेन कुणाला तरी."

त्यांच्या तोंडी हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होते. जाताना त्यांनी मला एकच गोष्ट सांगितली: "शनिवारी दहाला त्यांच्याकडे जाऊन बस. मी तिथून फोन करीन. घर नसलंच, तर बातमी कळताना त्या एकट्या नकोत."

मी पावणेदहालाच गेले. बाई सोफ्यावर, मांडीवर फोन. दहा वाजता तो वाजला. त्या बराच वेळ नुसत्या ऐकत राहिल्या. मला एक अक्षर कळत नव्हतं, मी फक्त त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. एकदा त्या 'टीव्ही' असं काहीतरी मोठ्याने म्हणाल्या आणि खळखळून हसल्या. मग फोनवर दुसराच आवाज आला, बाईचा, तरुण. मग एक पुरुष. व्लास्ताबाई सरसावून बसल्या आणि अशा वेगाने बोलायला लागल्या, की चाळीस वर्षांचं साठलेलं एकदम बाहेर येतंय असं वाटलं. तासभर तरी गेला असेल.

"घर आहे," फोन ठेवून त्या मला इंग्रजीत म्हणाल्या. "एक तरुण जोडपं राहतं. त्यांनी याला आत बोलावलं, सूप दिलं. भट्टीपण आहे. तिच्यावर टीव्ही ठेवलाय मूर्खांनी." त्यांनी डोळे पुसले. "त्याने मला सगळं सांगितलं. नोकरीचंसुद्धा. आता कुठे जाणार तो?"

"भारतात."

"त्याला तिथं राहायचंय?"

"बघतील काही दिवस. मग जिथं काम मिळेल तिथं. सध्या तरी इथं परवानगी नाही."

व्लास्ताबाई उठल्या, भिंतीला धरत मागच्या खोलीकडे गेल्या आणि त्यांनी दार उघडलं. पलंग, घडी घातलेली रजई, मधोमध जुनं शिवणयंत्र.

"ही खोली रिकामी आहे," त्या म्हणाल्या. "बायको-मुलीला घेऊन येऊ दे त्याला. घर माझं आहे. इथून त्याला कुणी घालवणार नाही."

व्हिसा म्हणजे काय, हे मी त्यांना समजावून सांगू शकले असते. पण ते त्यांना ठाऊक नसेल असं मला वाटेना. "सांगते त्यांना," मी म्हणाले. त्या शिवणयंत्र भिंतीकडे सरकवायला लागल्या, तेव्हा मी पुढे होऊन दुसरी बाजू धरली.